झऱ्याच्या संत अंतोनीची बाग

धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेंत आपल्याच देवमंदिराचा, आपल्याच धर्मगुरूंचा व आपल्याच पूर्वजांचा इतिहास वाचावयास मिळावा अशी वाचकांची अपेक्षा असते, व ती रास्तच आहे. तो इतिहास अधिकारी लेखकांनीं इतर पानांत दिला आहे. आम्हीं मात्र या लेखापुरतें वाचकांस समुद्रापलीकडे, ब्राझील देशांतील एका बागेंत नेण्याचें योजिलें आहे. त्या बागेंत संत अंतोनीचें एक जुनें कपेल आहे. आणि ज्या पोर्तुगीजांनीं वसईस व गोव्यास या संताची भक्ति आणली, त्यांनींच ती ब्राझीलला नेली. लिस्बन शहरीं जन्मून पादुआजवळ १२३१ सालीं देवाघरीं गेलेला हा संत त्यांस आपल्या घरचाच वाटे. गोव्यांत शिवोलीचें देवमंदिर त्याच्याच नांवाचें आहे. १३ जूनचा त्याचा सण आपल्या किनाऱ्यावर पहिल्या पावसाच्या सुमारास येतो. ब्राझीलच्या दक्षिण भागांत तोच दिवस हिंवाळ्याच्या तोंडाशीं येतो, एवढाच काय तो फरक.

त्या जहाजांतून केवळ संतांच्या मूर्तीच गेल्या-आल्या असें मात्र नव्हे. आपला काजू व आपला अननस हीं दोन्ही तिकडचीं झाडें, आणि दोहोंचीं नांवेंही ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषांतून निघालेलीं. उलटपक्षीं आंबा व फणस इकडून तिकडे गेले. रिओ शहरालगतच्या तिजुका अरण्यांत फणस आज इतका माजला आहे कीं तेथील जाणते लोक त्यास उपद्रवी झाड समजतात. फणसाची अशी निंदा आपल्या लोकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों!

तर ती बाग रिओ दि जानेरो शहराच्या पश्चिम टोकास, बारा दे ग्वारातिबा नांवाच्या समुद्रकांठच्या वस्तीजवळ, डोंगराच्या उतारावर आहे. तेथील कपेल सतराव्या शतकांतील. त्यास 'सांतो आंतोनियो द बिका' असें म्हणतात. बिका म्हणजे पन्हळींतून पडणारी झऱ्याची धार. तेव्हां आपल्या बोलींत त्यास झऱ्याचा संत अंतोनी म्हणावें. १९४९ सालीं हें कपेल, त्याजवळचें जुनें घर व सभोंवारची शेतजमीन दोघां भावांनीं मिळून विकत घेतली. त्यांपैकीं एकाचें नांव गिल्येर्मे. दुसरे रोबेर्तो बुर्ले मार्क्स, ज्यांनीं पुढें या जमिनीचें रूप पालटून टाकिलें.

रोबेर्तो यांचा जन्म ४ ऑगस्ट १९०९ रोजीं साओ पाउलो शहरीं झाला. वडील विल्हेल्म मार्क्स हे जर्मनींतून येऊन स्थायिक झालेले यहुदी कुळांतील व्यापारी. आई सेसिलिया बुर्ले ही पर्नांबुको प्रांतांतील कॅथलिक घराण्यांतील. ती पियानो वाजवी, गात असे, आणि फुलझाडांचा तिला विलक्षण नाद होता. मुलाच्या गळ्यांत आईचें गाणें व हातांत आईची माती अशा दोन्ही गोष्टी उतरल्या. १९१३ सालीं हें कुटुंब रिओस राहावयास आलें.

१९२८ सालीं सर्व मंडळी जर्मनीस गेली. रोबेर्तो यांच्या डोळ्यांस विकार होता, त्यावर तिकडे इलाज व्हावा हा त्यांत एक हेतु होता. डोळ्यांच्या इलाजासाठीं गेलेल्या या तरुणास खरी दृष्टि मिळाली ती मात्र वैद्याच्या घरीं नव्हे. बर्लिनमध्यें चित्रकला शिकत असतां ते दालेम येथील वनस्पति-उद्यानांत जात. तेथें कांचेच्या घरांत ब्राझीलचीं झाडें ठेविलेलीं होतीं. जीं झाडें स्वदेशीं रानांत व रस्त्याच्या कडेस वाढत, आणि ज्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे, तीं येथें ऊब देऊन, नांवाच्या पाट्या लावून, मोठ्या निगुतीनें जतन केलीं जात होतीं. त्या काळीं रिओच्या धनिकांच्या बागा म्हणजे युरोपची नक्कल असे. गुलाबाचे ताटवे असावे, कातरलेल्या झुडुपांच्या सरळ रांगा असाव्या; घरामागच्या डोंगरावरील रान तें रानच! परदेशांतील कांचेआड आपलें धन पाहून या तरुणास जें वाटलें असेल तें वाचकांनींच मनांत आणावें. आपल्याकडे तरी निराळें काय आहे? दारची अबोली उपटून तेथें विलायती फुलझाडांच्या कुंड्या मांडण्याची हौस आपल्या गांवांतही कमी नाहीं.

परत आल्यावर १९३० सालीं ते रिओच्या राष्ट्रीय ललितकला विद्यालयांत दाखल झाले. त्यांच्या घराशेजारीं लुसियो कोस्ता नांवाचे वास्तुविशारद राहत. पुढें ब्राझीलिया या नव्या राजधानीचा आराखडा ज्यांनीं केला तेच हे. रोबेर्तो यांनीं घरच्या परसांत लाविलेलीं झाडें कोस्तांनीं पाहिलीं होतीं. १९३२ सालीं आपण बांधीत असलेल्या एका घराची बाग त्यांनीं या तरुणाकडून आंखविली, आणि चित्रकाराच्या हातीं कुंचल्याबरोबर कुदळही आली.

दोन वर्षांनीं रेसिफे शहराच्या उद्यानांची व्यवस्था त्यांजकडे सोंपविण्यांत आली. तेथें त्यांनीं एका चौकांत तळीं करवून त्यांत ॲमेझॉनच्या पाण्यांतील, परातीसारख्या कांठदार पानांचें महाकमळ लाविलें. दुसऱ्या चौकांत तर त्यांनीं कमालच केली: पर्जन्यहीन, दुष्काळी अंतर्भागांतील निवडुंग आणून त्यांचीच बाग उभारिली. शहरांतील कांहीं सुशिक्षितांस हें मानवलें नाहीं. निवडुंग ही काय चौकांत मिरवावयाची वस्तु? ज्या दुष्काळाचें नांवही नको, त्याचीच आठवण दारापुढें कशास? टीका झाली, आणि ती बरीच कडक झाली. आमच्या मतें टीकाकारांनीं मर्म अचूक ओळखिलें होतें. केवळ त्यांस तें नकोसें वाटलें. शहरानें आपल्याच प्रांताचें तोंड पाहावें, हाच त्या बागेचा उद्देश होता.

धर्मग्रामाच्या वाचकांस विशेष वाटावी अशी एक हकीकत येथें सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. बेलो होरिझोन्ते शहराजवळ पांपुल्या नांवाच्या तलावाकांठीं असिसीकर संत फ्रान्सिसचें एक देवमंदिर १९४३ सालीं बांधून झालें. आराखडा ऑस्कर नीमायर यांचा, चित्रें कांदिदो पोर्तिनारी यांचीं, आणि भोंवतालची बाग बुर्ले मार्क्स यांची. मंदिराचें छप्पर लाटांसारखें वरखालीं होत गेलेलें. वेदीमागील चित्रांत संताजवळ लांडग्याऐवजीं एक साधें कुत्रें. तेथील आर्चबिशपांस हें देवमंदिर वाटेना. त्यांनीं तें आशीर्वादित करण्याचें नाकारिलें, व १९५९ पर्यंत तें मिस्सेवांचून राहिलें. आर्चबिशपांचा संकोच आम्ही समजूं शकतों. अनोळखी रूपाचें मंदिर पाहून भाविकांचें मन क्षणभर कचरतें, हें कांहीं पाप नव्हे. तथापि सोळा वर्षें हा काळ थोडा नव्हे. ज्या संतानें पक्ष्यांस उपदेश केला त्याच्या मंदिराभोंवतीं त्या भूमीचींच झाडें असावीं, इतकें तरी प्रथमपासून सर्वांस मान्य व्हावयास हरकत नव्हती. २०१६ सालीं या मंदिरासह तलावाकांठच्या इमारतींची गणना युनेस्कोनें जागतिक वारशांत केली.

आतां ग्वारातिबाच्या बागेकडे वळूं. बुर्ले मार्क्स यांनीं ही जमीन घेतली ती हवा खाण्याकरितां नव्हे. अरण्यांतून आणलेलीं झाडें ठेवावयास रिओच्या घरीं जागा उरली नव्हती, ही खरी अडचण. जमीन सुमारें शंभर एकर. खालीं खारफुटीची दलदल व रेतीचा पट्टा, मागें डोंगरावर किनाऱ्याचें दाट अरण्य, मध्यें खडक, आणि झऱ्याचें पाणी. ज्या झाडास जें हवें तें, म्हणजे ऊन, सावली, ओल किंवा कोरडा दगड, या एकाच जमिनींत कोठें ना कोठें सांपडे. पंचेचाळीस वर्षांत तेथें साडेतीन हजारांहून अधिक जातींचीं झाडें गोळा झालीं.

हीं नांवें ऐकून वाचकांनीं बिचकूं नये. त्यांतील पुष्कळ झाडें आपल्या स्वयंपाकघराचीं सोयरींच आहेत. बुर्ले मार्क्स यांस ज्या कुळाची सर्वांत गोडी वाटे तें आपल्या अळूचें व सुरणाचें कुळ. ढालीएवढ्या पानांच्या ज्या वेली तेथें झाडांच्या खोडांवर चढलेल्या दिसतात त्या अळूच्याच बहिणी होत. दगडांच्या फटींत व झाडांच्या फांद्यांवर पात्यांच्या चषकांत पावसाचें पाणी साठवून राहणारीं झाडें अननसाच्या कुळांतलीं. लाल-केशरी चोंची एकावर एक लटकाव्या तशीं फुलणारीं झाडें केळीच्या नात्यांतील, आणि पानांवर पिसासारखीं पट्टेदार नक्षी असलेलीं आरारूटच्या. याखेरीज ताडमाडांचे नाना प्रकार, आणि मिनास जेराइस प्रांताच्या उघड्या खडकांवर उगवणारें एक चिवट कुळ, जें महिनोगणती पाण्याशिवाय वाळून राहतें व पाऊस पडतांच पुन्हां हिरवें होतें. कोवळ्या झाडांसाठीं जाळीचीं मोठमोठीं छायागृहें उभारिलेलीं आहेत. त्यांपैकीं एकास ग्राझिएला बारोसो या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंचें नांव दिलेलें आहे. अळूच्या कुळांतील एका नव्या वेलीस या बाईंनीं शास्त्रीय नांव देतांना बुर्ले मार्क्स यांचें नांव जोडलें होतें, आणि त्यांच्या बागेंत बाईंच्या नांवाचें छायागृह झालें. अशी ही नांवांची देवघेव आम्हांस फार गोड वाटते.

परंतु एवढ्यावरून हें झाडांचें वस्तुसंग्रहालय समजूं नये. बुर्ले मार्क्स अखेरपर्यंत चित्रकार होते, व बाग त्यांनीं चित्रकाराच्या डोळ्यानें मांडली. एक-एक झाड सुटें, पाटी लावून उभें करणें त्यांस आवडत नसे. एकाच जातीचीं शेंकडों रोपें एकत्र लावून ते रंगाचा एक सलग पट्टा करीत. त्याशेजारीं निराळ्या पोताच्या पानांचा दुसरा. आणि दोहोंची सीमा नदीच्या वळणासारखी वाहती ठेवीत. बागेचा आराखडा प्रथम ते रंगांनीं कागदावर काढीत. कागदावरील रंग वाळला कीं काम संपतें. जमिनीवरील रंग मात्र दर महिन्यास बदलतो, वाढतो, शेजाऱ्यावर कुरघोडी करतो, मरतो. या बदलाचा हिशेब आधीं मनांत धरून चित्र काढावयाचें, ही विद्या किती अवघड आहे, हें ज्यांनीं साधा वाफा केला आहे त्यांसही कळेल. त्यांनीं परदेशी झाडें वर्ज्य केलीं होतीं असेंही नाहीं. उष्ण देशांचीं, अगदीं आपल्याकडचींही, झाडें त्यांनीं आनंदानें लाविलीं. त्यांचा राग परक्या झाडांवर नव्हता, घरच्या झाडांच्या उपेक्षेवर होता.

दगडांचीही तीच कथा. रिओ शहरांत नवे रस्ते व नव्या इमारती यांसाठीं जुनीं घरें पाडलीं जात, तेव्हां त्यांचे घडीव ग्रॅनाइटचे चिरे, चौकटी व खांब कवडीमोलानें जात. बुर्ले मार्क्स यांनीं ते आणविले व बागेंत भिंती रचिल्या. त्या भिंतींच्या सांध्यांतून आतां खडकांवरचीं झाडें फुटलीं आहेत. शहरानें टाकलेला दगड व रानांत तुडविलेलें झाड यांची गांठ त्यांनीं येथें घातली.

जुन्या घराची त्यांनीं दुरुस्ती केली, भर घातली, आणि १९७३ पासून ते तेथेंच राहूं लागले. भिंतींवर त्यांच्या हातच्या रंगीत फरशा, मेजांवर त्यांनीं रंगविलेलीं कापडें. शिवाय लांकडी संतमूर्ति, कांचसामान, आणि जेकितिन्योन्या खोऱ्यांतील खेडवळ बायांनीं घडविलेलीं मातीचीं चित्रें. पाहुण्यांची ये-जा सदैव असे. जेवणें लांबत, आणि यजमान स्वतः गात. या गृहस्थांस एकांतवासी ऋषि समजण्याचें कारण नाहीं.

कपेलाचाही त्यांनीं जीर्णोद्धार केला. पांढऱ्या भिंतींचें तें ठेंगणें मंदिर त्यांनीं आपल्या संग्रहांतील एक वस्तु करून ठेविलें नाहीं. आसपासच्या वस्तीच्या लोकांस उपासनेसाठीं तें मोकळें राहिलें. खासगी जमिनीवरील देवमंदिर कित्येकदां मालकाच्या लहरीवर अवलंबून असतें. येथें मालक बदलला तरी गांवच्या संताचें गांवाशीं नातें तुटलें नाहीं, ही गोष्ट आमच्या मतें त्या साडेतीन हजार जातींहून कमी मोलाची नाहीं.

ही बाग जमत असतांनाच तिचें मूळ मात्र नष्ट होत होतें. बुर्ले मार्क्स वर्षानुवर्षें वनस्पतिशास्त्रज्ञांस व शिष्यांस बरोबर घेऊन दूरदूरच्या अरण्यांत जात, आणि नवनवीं झाडें घेऊन येत. अनेक झाडांस शास्त्रज्ञांनीं त्यांचेंच नांव दिलें आहे. पण ज्या ठिकाणीं जावें तेथें पुढल्या खेपेस रान जळालेलें, कापलेलें किंवा रस्त्याखालीं गेलेलें आढळे. एखादें झाड मूळच्या जागीं दुर्मिळ होत जाई व ग्वारातिबाच्या छायागृहांत वाढत राही. नोहाच्या तारवाची आठवण येथें कोणासही होईल. मात्र नोहास पाणी ओसरण्याची आशा होती. १९६७ ते १९७४ या काळांत ते सरकारी संस्कृति-मंडळाचे सभासद होते. तेव्हां देशांत लष्करी राजवट होती, आणि अरण्यांतून मोठमोठे रस्ते काढणें हें तिच्या अभिमानाचें कार्य होतें. त्याच सरकारच्या मंडळांत बसून त्यांनीं अरण्यांच्या संहाराविरुद्ध वारंवार भाषणें केलीं. अशा राजवटीच्या मंडळांत त्यांनीं बसावयासच नको होतें, असें म्हणणारे आहेत. आम्हांस हा प्रश्न एवढ्या दुरून सोडवितां येत नाहीं. पण जेथें ऐकणारे बसले होते तेथें जाऊनच ते बोलले, हें खरें.

उरला तो एकच प्रश्न, आणि प्रत्येक बागवानास तो केव्हां ना केव्हां भेडसावतोच: मागें काय? घर ओस पडलें तर दहा वर्षांनींही तें नीट करतां येतें. बाग एका उन्हाळ्यांत विसरली तर गेली. बुर्ले मार्क्स अविवाहित होते. जमिनीची किंमत शहर वाढूं लागल्याबरोबर चढत होती, आणि तुकडे पाडून विकण्यास ग्राहकांची वाण पडली नसती. १९८५ सालीं, वयाच्या शहात्तराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनीं सर्व जमीन, झाडें, घर, संग्रह व कपेल यांसह ही मिळकत राष्ट्राच्या वारसा-संस्थेस दान केली. हेतु हा कीं, तेथें संशोधन चालावें, तरुणांनीं बागकाम शिकावें, व संग्रह अखंड राहावा. त्यानंतर नऊ वर्षें ते त्याच घरांत, जी आतां आपली नव्हती त्या बागेंत, पूर्वींप्रमाणेंच झाडें लावीत राहिले. ४ जून १९९४ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला. जुलै २०२१ मध्यें युनेस्कोनें ही बाग जागतिक वारशांत दाखल केली.

एक हकीकत राहिली; ती ग्वारातिबाची नव्हे, रिओ शहरांतील फ्लामेंगो उद्यानाची आहे. समुद्रांत भर घालून केलेल्या या विस्तीर्ण उद्यानाची झाडी बुर्ले मार्क्स यांनीं १९६० नंतरच्या दशकांत आंखली, आणि तींत त्यांनीं श्रीताल नांवाचे वृक्ष लाविले. हा ताडाच्या जातीचा प्रचंड वृक्ष आपल्या दक्षिण हिंदुस्थानचा व सिंहलद्वीपाचा. त्याच्या पानांवर आपल्या दक्षिणेंत व सिंहलद्वीपांत शतकानुशतकें पोथ्या लिहिल्या गेल्या. तो आयुष्यांत एकदांच फुलतो, आणि तें फुलणें लावल्यापासून कित्येक दशकांनीं येतें. तीं रोपें लावतांना बुर्ले मार्क्स यांची पन्नाशी उलटलेली होती. हा फुलोरा आपणांस दिसणें नाहीं, हें झाडांचा असा जाणता मनुष्य समजूनच असणार. २०२५ च्या अखेरीस, त्यांच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनीं, ते वृक्ष फुलले. शेंड्यावर लक्षावधि पिवळट फुलांचे तुरे उभे राहिले, आणि रिओचे लोक माना वर करून पाहावयास जमूं लागले. फुलांमागून फळें धरतात. तीं पिकून गळतात, व वृक्ष हळूहळू वाळून जातो. तीं फळें खालीं पडलीं म्हणजे त्यांतून रोपें करून ठिकठिकाणीं लावावीं, अशी इच्छा तेथील कित्येकांनीं बोलून दाखविली आहे.